छोटा व्हिडिओ, दूरचा प्रेक्षक

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटाचं तंत्र शिकून परतले. मागवलेला विल्यमसन कॅमेराही मुंबईत पोहोचला. पैसा मात्र नव्हता. हलत्या चित्रांच्या भरवशावर कर्ज द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि बी रुजून त्याचा वेल होईपर्यंत दिवसामागून दिवस चौकटी टिपत राहिले. महिन्याहून अधिक काळाची ती वाढ पडद्यावर मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट त्यांनी मोजक्या लोकांना दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी तो पाहून पैसे देऊ केले. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मोबाइलवर छोटे व्हिडिओ कसे करावेत हे सांगणाऱ्या पुस्तकाच्या आरंभी मी ही कुंडी ठेवते आहे, कारण आज पहिला व्हिडिओ करणाऱ्याला जे लागतं ते त्या मिनिटभरात सापडतं. विषय एकच आहे. तो कोणाला दाखवायचा हे आधी ठरलेलं आहे. सांगून पटणार नाही, डोळ्यांनी बघावीच लागेल अशी गोष्ट निवडलेली आहे. आणि मिनिटामागे महिन्याची चिकाटी आहे. फाळक्यांना त्या वेळी हजारो प्रेक्षक नको होते. तिजोरीची किल्ली हातात असलेली चार-दोन माणसं हवी होती आणि त्यांची शंका कोणती हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मिनिटभराची मर्यादाही आपल्या काळाने शोधलेली नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ झाला, त्यातली प्रत्येक फिल्म पन्नासेक सेकंदांची होती. कॅमेऱ्यात साधारण सतरा मीटरच फीत मावायची, म्हणून. कॅमेरा एका जागी रोवलेला, दृश्य एकच, जोडकाम नाही. १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपणाऱ्या सावेदादांनाही, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, अशाच आखूड फितीवर काम भागवावं लागलं. फीत थोडी असली की माणूस कॅमेरा सुरू करण्याआधी विचार करतो. आज फोनमध्ये तासन् तास चित्रीकरण मावतं आणि विचार करायचं काम नंतरवर ढकललं जातं. नव्याने व्हिडिओ करणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात, असं माझं मत आहे.

मधला इतिहास थोडक्यात सांगते. २०१३ मध्ये वाइन नावाच्या अ‍ॅपने सहा सेकंदांचे व्हिडिओ आणले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि गावोगावच्या फोनवर व्हिडिओ चालू लागला. टिकटॉकने त्याच फोनला रंगमंच करून टाकलं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एकोणसाठ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉकही गेलं. जुलैतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सर्वांत आधी भारतात सुरू केली. तेव्हा पंधरा सेकंदांची असलेली चौकट २०२५ च्या सुरुवातीपर्यंत दोन्हीकडे तीन मिनिटांपर्यंत ताणली गेली.

लांबीपेक्षा मोठा बदल वितरणात झाला, आणि तो समजून न घेता ‘माझी रील चालत का नाही’ या प्रश्नाला हात घालता येत नाही. फेसबुकच्या सुरुवातीच्या काळात तुम्ही टाकलेली गोष्ट तुमच्या ओळखीच्या लोकांना दिसायची. ज्याच्या ओळखी जास्त, त्याची पोच जास्त. छोट्या व्हिडिओंनी हा हिशेब मोडला. इथे अ‍ॅप तुमचा व्हिडिओ आधी थोड्या लोकांपुढे ठेवतं. त्यातले अनेक जण तुम्हाला ओळखतही नसतात. ते थांबतात की बोटाने वर सरकवतात, पूर्ण बघतात की मध्येच सोडतात, पुन्हा बघतात का, कोणाला पाठवतात का, हे पाहून तो आणखी लोकांपुढे न्यायचा की तिथेच ठेवायचा हे ठरतं. म्हणून पन्नास फॉलोअर असलेल्या मुलीची रील लाखोंपर्यंत जाऊ शकते आणि लाखो फॉलोअर असलेल्याचा व्हिडिओ दोन हजारांवर अडकू शकतो. ‘अल्गोरिदमने दाबलं’ अशी तक्रार मी सतत ऐकते. बहुतेक वेळा त्या सुरुवातीच्या थोड्या लोकांनीच बोट वर सरकवलेलं असतं.

जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी व्हिडिओची पोच ठरवणाऱ्या सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी जाहीरपणे सांगितल्या: लोक किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात. त्यांनी त्यात एक भेदही केला. आधीपासून फॉलो करणाऱ्यांपर्यंत पोहोचताना लाइकचं वजन थोडं जास्त, अनोळखी लोकांपर्यंत पोहोचताना पाठवण्याचं वजन जास्त. या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि या पुस्तकाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. लाइक हा बघणारा आणि व्हिडिओ करणारा यांच्यातला व्यवहार आहे. पाठवताना तिसरं माणूस येतं. बघणाऱ्याला त्या क्षणी दुसरं कोणी तरी आठवलेलं असतं: हे ताईला दाखवायला हवं, बाबांच्या गुडघ्यासाठी हा व्यायाम बरा, आपल्या हॉस्टेलवर अगदी असंच व्हायचं, हा गडी तर आपल्या सुन्यासारखाच बोलतो. जो व्हिडिओ बघताना कोणीच आठवत नाही, तो कितीही देखणा असला तरी त्याच फोनमध्ये राहतो.

म्हणून ‘सगळ्यांना आवडेल असं’ करायला निघू नका, हे मी पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत सांगणार आहे. सगळ्यांना आवडावं म्हणून केलेल्या गोष्टीत पाठवण्याजोगा पत्ताच नसतो. एका माणसासाठी करा. त्याचं वय, गाव, काम, त्याची आत्ताची अडचण डोळ्यांपुढे आणा. तशी माणसं महाराष्ट्रात लाखो आहेत आणि ती एकमेकांना ओळखतात.

एक उदाहरण सविस्तर घेते. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचा पेरा मोठा. अनेक शेतकरी मागच्या हंगामातलं घरचं बियाणं राखून ठेवतात. सोयाबीनच्या बियाचं कवच नाजूक असतं. मळणीत मार बसला किंवा साठवणीत पोत्यांवर पोती रचली की उगवण घटते. पेरून उगवलंच नाही तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो, म्हणून कृषी विभाग दर वर्षी उगवणक्षमता घरी तपासायला सांगतो. पद्धत सोपी आहे. सरसकट शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून ओल टिकवायची आणि आठवडाभरात उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं.

यावरचा व्हिडिओ बहुधा असा सुरू होतो: वाजतगाजत नाव येतं, मग ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, आज आपण एका अत्यंत महत्त्वाच्या विषयावर माहिती घेणार आहोत, त्याआधी चॅनलला सबस्क्राइब करा’. एवढ्यात आठ-दहा सेकंद जातात. बघणारा शेतकरी तोवर पुढच्या व्हिडिओवर पोहोचलेला असतो आणि ती त्याची चूक नव्हे. आता तोच विषय वेगळा मांडू. पहिल्याच चौकटीत दोन हात ओलं गोणपाट उलगडताहेत, आत पांढऱ्या कोंबांच्या ओळी. आवाज येतो: ‘शंभरातले ब्याऐंशी उगवले. हे बियाणं पेरायचं.’ त्यानंतर आठवडाभर मागे जायचं, दाणे मोजणारे हात दाखवायचे, मांडणी, गुंडाळी, पाणी शिंपडणं. शेवटी दुसरं गोणपाट, त्यात पंचावन्नच कोंब, आणि ‘असं आलं तर काय’ याचं एका वाक्यात उत्तर. सगळं मिळून चाळीस सेकंद. नेहमीच्या बोलण्याच्या वेगात चाळीस सेकंदांत ऐंशी-नव्वद शब्द बसतात, म्हणजे लिहून काढलं तर वहीचं अर्धं पान. ते अर्धं पान लिहिल्याशिवाय फोन हातात घ्यायचा नाही.

निकाल आधी दाखवल्याने उत्सुकता मरते, अशी भीती अनेकांना वाटते. अशा व्हिडिओत तसं होत नाही. ब्याऐंशी कोंब पाहिल्यावर ‘माझे किती येतील’ हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात उभा राहतो आणि कृती बघण्यासाठी तो थांबतो. विनोदी व्हिडिओत मात्र शेवट राखून ठेवावाच लागतो. तिथे सुरुवातीला प्रसंग उभा करायचा असतो आणि तो ओळखीचा असावा लागतो: सासूचा फोन, एसटीतली खिडकीची जागा, लग्नातली आहेराची वही. कोणत्या प्रकारच्या व्हिडिओत काय आधी आणि काय नंतर, याचं एकच सूत्र नाही. ‘पहिल्या तीन सेकंदांत हुक हवा’ हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरही आहे, पण हुक म्हणजे ओरडणं नव्हे, डोळे विस्फारलेला चेहराही नव्हे. पुढे जे आहे त्याचा खरा तुकडा पुढे आणणं म्हणजे हुक. ‘शेवटपर्यंत बघा, थक्क व्हाल’ असं सांगून शेवटी काहीच न देणाऱ्याला एकदा प्रेक्षक मिळतो. दुसऱ्यांदा त्याचा चेहरा दिसताच बोट वर सरकतं.

आणखी एक गोष्ट या उदाहरणातून दिसते. हा व्हिडिओ मे महिन्यातच टाकायला हवा. पाऊस पडून गेल्यावर, पेरणी झाल्यावर तो कितीही सुंदर असला तरी कोणाच्या कामाचा नाही. मराठी माणसाचं वर्ष पंचांगाने, पिकांनी, परीक्षांनी आणि सणांनी बांधलेलं आहे. उन्हाळी वाळवणं एप्रिलमध्ये, दहावीच्या निकालानंतर प्रवेशाची धावपळ, आषाढात वारी, भाद्रपदात उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून पारी कशी वळावी. हे वेळापत्रक ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्याला ट्रेंडच्या मागे धावावं लागत नाही.

तंत्राबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, तरी काही गोष्टी इथेच सांगून टाकते, कारण त्या न कळल्यामुळे चांगले विषय वाया जाताना मी पाहिले आहेत. फोन उभा धरा. चौकट ९:१६, म्हणजे १०८० बाय १९२०. लेन्स पुसा. खिशातल्या फोनच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा बसलेला असतो आणि ‘कॅमेरा धुरकट आहे’ ही तक्रार अनेकदा रुमालानेच मिटते. दिवसाउजेडी खिडकीकडे तोंड करून उभं राहणं हा कोणत्याही विकतच्या दिव्यापेक्षा भरवशाचा उपाय आहे. रात्री ट्यूबलाइटखाली चित्रीकरण केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २५ चौकटी आणि शटर सेकंदाचा ५०वा किंवा १००वा भाग असं ठेवता आलं तर पट्टे जातात. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड पक्का करा, नाहीतर हात हलला की चित्र उजळतं आणि काळवंडतं.

आवाजाकडे दुर्लक्ष होतं, त्याची मला खंत आहे. हलकं चित्र लोक सहन करतात, आवाज कळला नाही तर क्षणात निघून जातात. पंखा बंद करा. रस्त्यावर बोलायचं असेल तर कॉलरचा माइक घ्या, त्यावर वाऱ्यासाठी फोमची किंवा केसाळ टोपी घाला. माइक नसेल तर दुसरा फोन शर्टाच्या खिशात ठेवून त्यात आवाज मुद्रित करा आणि नंतर जोडा. स्वयंपाकाचा व्हिडिओ असेल तर फोडणीचा आवाज संगीताखाली गाडू नका. मोहरी तडतडते ते ऐकूनच निम्मे लोक थांबतात.

अक्षरं पडद्यावर हवीतच. लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, झोपलेल्या बाळाशेजारी असंख्य लोक आवाज बंद करून बघतात. पडद्याच्या तळाशी नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला बटणं असतात, म्हणून अक्षरं मधल्या भागात ठेवा. काही संपादन-अ‍ॅपमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, ‘प्रश्न’चे तुकडे दिसतात. फॉन्ट बदलून बघा आणि टाकण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. आपोआप तयार होणाऱ्या मराठी ओळी डोळे झाकून स्वीकारू नका. बोलीतले शब्द त्यांना हमखास चकवतात. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आज अनेक मुलं शाळेबाहेरचं मराठी याच पडद्यावर वाचतात.

आता बोलीविषयी. छोट्या व्हिडिओने मराठीला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. वर्षानुवर्षं आकाशवाणी, दूरदर्शन, मालिका, वर्तमानपत्रं यांतून एकच प्रमाण मराठी घरात येत राहिली. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, आगरी बोलणारं पात्र पडद्यावर आलंच तर बहुधा हसवायला. फोनच्या कॅमेऱ्यासमोर मात्र माणूस आपल्या घरात, आपल्या भाषेत बोलू लागला. मालवणीत भांडणारी आई, खानदेशी लग्नातली अहिराणी गाणी, वऱ्हाडीतला शेतावरचा संवाद यांना त्या-त्या मुलखापलीकडे प्रेक्षक मिळाला. पुण्यात, सुरतेत, दुबईत, न्यू जर्सीत राहणाऱ्याला गावाकडचा हेल ऐकून घर आठवतं आणि तो हा व्हिडिओ भावाला पाठवतो. आधी सांगितलेलं तिसरं माणूस इथेही आहेच.

‘बिग बॉस मराठी’च्या २०२४ मधल्या पाचव्या पर्वात हे सगळ्यांना दिसलं. कोकणातली अंकिता वालावलकर, इचलकरंजीचे धनंजय पोवार आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण हे तिघं छोट्या व्हिडिओंतून घराघरांत पोहोचलेले होते आणि त्या पर्वाचा विजेता सूरज ठरला. टिकटॉकच्या काळापासून त्याच्या बोलण्याची, चालण्याची थट्टा झाली होती. पुढे केदार शिंदे यांनी त्याला घेऊन ‘झापुक झुपूक’ हा चित्रपट काढला. त्याची प्रत्येक रील मला आवडते असं नाही. पण शहरी, शिकलेल्या घरांतून ‘टिकटॉकवाले’ हा शब्द ज्या तिरस्काराने उच्चारला जात होता, त्यात अभिरुचीपेक्षा जात-वर्गाचा दुरावा जास्त होता, हे आपण स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. स्टुडिओच्या दारात ज्यांना कधी प्रवेश मिळाला नसता, अशा माणसांनी स्वतःच्या अंगणात कॅमेरा लावला. त्यातलं सगळं चांगलं नाही. चांगलं-वाईट निवडायचा हक्क मात्र पहिल्यांदाच थेट बघणाऱ्याकडे आला.

गाण्यांचंही असंच. ‘महाराष्ट्र शाहीर’ या २०२३ मधल्या चित्रपटातलं ‘बहरला हा मधुमास’ हे गाणं लोकांनी स्वतः नाचून पसरवलं. त्यातली एक हालचाल घरातल्या आजीपासून शाळेतल्या मुलांपर्यंत कोणालाही जमण्यासारखी होती. २०२४ मध्ये संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’ने मराठी न कळणाऱ्यांनाही नाचवलं. चालणारं गाणं घेतलं की व्हिडिओला हात मिळतो, हे खरं. त्यासोबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्यवसायाच्या खात्याला अ‍ॅपमधली सगळी चित्रपटगीतं वापरायची परवानगी नसते. दुकानाच्या जाहिरातीवर असं गाणं लावलं तर आवाज काढला जाऊ शकतो आणि हक्काची तक्रारही येऊ शकते. दुसरं असं की ज्या गाण्यावर लाखो लोक आधीच नाचले आहेत, त्यावर तुमचा व्हिडिओ लोकांना का आठवावा, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. पैठणी विणणाऱ्या येवल्याच्या घरात मागासमोर तेच गाणं लावलं तर ते उत्तर आहे.

पैशांची आशा धरून अनेक जण या वाटेला येतात. त्यांना खोटी स्वप्नं दाखवणारे ‘कोर्स’ भरपूर आहेत, म्हणून आकडे सरळ सांगते. यूट्यूबने फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सच्या जाहिरातींतला वाटा द्यायला सुरुवात केली. शॉर्ट्सच्या बळावर हा वाटा मिळवायचा तर एक हजार सबस्क्रायबर आणि नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज लागतात. मग निर्मात्याच्या वाट्याला नेमून दिलेल्या रकमेतले ४५ टक्के त्याच्या हाती येतात. मार्च २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबने शॉर्ट नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरायला सुरुवात केली. पडद्यावरचा आकडा त्यामुळे फुगला, पैशांचा हिशेब मात्र खरोखर थांबून बघणाऱ्यांवरच राहिला. म्हणून व्ह्यूजच्या मोठ्या आकड्याने हुरळू नका. यूट्यूबच्या आकडेवारीत किती टक्के लोकांनी पाहिला आणि किती टक्क्यांनी सरकवला ते दिसतं, कोणत्या सेकंदाला लोक गळाले त्याचा आलेखही दिसतो. ती गळती जिथे आहे तिथे तुमचं कोणतं वाक्य होतं ते बघा. माझ्या मते शिकण्यासाठी याहून चांगला गुरू नाही. छोट्या व्हिडिओतून खरी कमाई होते ती बहुधा वेगळ्या वाटेने: लोणच्याच्या ऑर्डरी येतात, क्लासला मुलं येतात, कीर्तनाची निमंत्रणं येतात, एखादी कंपनी जाहिरात देते.

जाहिरात घेतली तर ती जाहिरात आहे हे सांगावंच लागतं. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये हे नियम स्पष्ट केले आहेत. पैसे घेतले नसले तरी फुकटची साडी, हॉटेलातला मुक्काम, सवलत हेही त्यात मोजलं जातं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह बरा करणारा काढा, असल्या व्हिडिओंबद्दल तर मला फार चीड आहे. मधुमेहासारख्या ठरावीक आजारांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणादी उपाय कायद्यानेच मना आहे. असा व्हिडिओ बघून कोणी इन्सुलिन थांबवलं तर त्याची जबाबदारी कोणाची? आरोग्याबद्दल बोलायचं तर पात्रता हवी, आणि ती पडद्यावर दिसायला हवी.

धोक्याच्या चित्रीकरणाबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण नाही, कारण त्यावर शिकवण्यासारखं काही नाही. ते करायचं नाही. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. पावसाळ्यात सह्याद्रीचा कातळ शेवाळाने निसरडा होतो, हे कोणत्याही गुराख्याला विचारा. रेल्वेच्या दारात, धरणाच्या सांडव्यावर, गडाच्या ढासळत्या बुरुजावर मिळणारी पोच मला नको आणि माझ्या वाचकालाही मिळू नये, अशी माझी इच्छा आहे. तितकीच इच्छा दुसऱ्या एका बाबतीत आहे. न विचारता कोणाला टिपू नका. भाजीवालीशी घासाघीस करून तिचा चेहरा लाखोंना दाखवणं, शाळेतल्या मुलाच्या चुकलेल्या उत्तरावर हशा पिकवणं, आजारी आजोबांना ‘क्यूट’ म्हणून मांडणं यातून व्हिडिओ नक्कीच फिरतो. पण ती माणसं उद्या त्याच बाजारात आणि त्याच वर्गात बसणार असतात.

व्हिडिओ चालला नाही तर काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो. काढून टाकू नका. सोयाबीनसारख्या हंगामी विषयाला लोक पुढच्या मे महिन्यात पुन्हा शोधत येतात. पहिली चौकट बदलून तोच विषय दुसऱ्यांदा करा. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ पासून काही खात्यांना चाचणी-रीलची सोय दिली आहे. त्यात रील आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दिसते, तेव्हा संकोच वाटत असेल तर तिथून सुरुवात करता येईल. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी लाइक करा’ असं पाठवणं मात्र टाळा. मावशी प्रेमापोटी लाइक करते आणि तीन सेकंदांत पुढे जाते. अ‍ॅपला त्यातून एवढंच कळतं की तुमच्या व्हिडिओवर लोक थांबत नाहीत.

पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे पण कॅमेऱ्यासमोर जीभ अडखळते, त्याने लेखनाचं प्रकरण आधी घ्यावं. ज्याला बोलता येतं पण लोक मध्येच निघून जातात, त्याने संपादनाचं. स्वतःचा चेहरा दाखवायचा नसेल तर फक्त हात आणि आवाज यांवर चालणाऱ्या व्हिडिओंसाठी एक लांबलचक प्रकरण आहे, कारण अनेक बायकांना घरातून याच अटीवर परवानगी मिळते आणि त्यांच्या हातात अफाट कसब असतं.

मला मराठीत पाहायला आवडतील अशा विषयांची यादी मी बरीच वर्षं वहीत करते आहे. ऑनलाइन सातबारावरचा प्रत्येक रकाना काय सांगतो. गॅसची रबरी नळी कधी बदलायची आणि तिच्यावरची तारीख कुठे असते. नऊवारी नेसायच्या मुलखामुलखांतल्या पद्धती, एका वेळी एकच. तमाशातल्या ढोलकीचे बोल, वाजवणाऱ्याच्याच हातून. कोल्हापुरी चपलेची वेणी. वाशिमच्या बसस्थानकावरून पहाटे कोणती गाडी कुठे जाते. मूकबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेतली पंचतंत्रातली गोष्ट. वारलीतला तारपा नाच काढणारा कुंचला, सुरुवातीच्या वर्तुळापासून. भरती-ओहोटीची वेळ बघून तिसऱ्या कुठे मिळतील ते सांगणारी सिंधुदुर्गातली कोळीण. यातला एखादा विषय तुमच्या घरातला असेल, तर पहिलं प्रकरण सोडून थेट आवाजाच्या प्रकरणाकडे जा आणि पंखा बंद करा.